कठीण, चिवट आणि टिकाऊ : खनिजे, विदारण आणि प्रयोगशाळेतली काळजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भूविज्ञानाचा पहिलाच अभ्यासक्रम आहे, कठिनतेच्या श्रेणीतली दहाही नावे तोंडपाठ आहेत, पण पेटीतला नमुना हातात आला की काही सुचत नाही. विदारण म्हणजेच झीज का, इथे गोंधळ होतो. आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोनच थेंब टाकायचे तर गॉगल कशाला, हे तुम्हाला पटेल असे कुणी सांगितलेले नाही.

तुम्ही हे तीन प्रश्न म्हणून विचारलेत. इतकी वर्षे प्रात्यक्षिके घेतल्यावर मला ते एकाच प्रश्नाचे तीन भाग वाटतात. प्रयोगशाळेत आपण खनिजाला ओरखडतो, फोडतो आणि त्यावर आम्ल टाकतो. निसर्गही त्याच्याशी जवळपास हेच करतो, फक्त त्याला घाई नसते. त्याचे नाव विदारण. आणि ओरखडताना, फोडताना, आम्ल टाकताना जे आपल्या डोळ्यांत, फुप्फुसांत किंवा बोटांवर येऊ शकते, त्यातून सुरक्षिततेचे नियम निघाले आहेत.

आधी खनिज म्हणजे काय ते पाहू. नैसर्गिक रीतीने तयार झालेला, सामान्यतः अकार्बनी, घन, ठरावीक मर्यादेत निश्चित रासायनिक संघटन असलेला आणि आतली अणुरचना शिस्तबद्ध असलेला पदार्थ, ही व्याख्या तुम्ही पाठ केली असेलच. तिच्यावर चार उदाहरणे घासून पाहा. बर्फ खनिज आहे. दगडी कोळसा नाही, कारण तो वनस्पतींच्या अवशेषांचा आहे आणि त्याचे संघटनही निश्चित नाही. ज्वालामुखीची काच, म्हणजे ऑब्सिडियन, नाही, कारण तिच्यात अणूंची शिस्त नाही. साखरेचे स्फटिक सुरेख असतात, पण त्यांना खनिज म्हणत नाहीत. मान्यताप्राप्त खनिजांची संख्या ६,०००च्या आसपास आहे. त्याने घाबरू नका. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ४६.६ टक्के आणि सिलिकॉन २७.७ टक्के, त्यामुळे कवचाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सिलिकेटांचाच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनवर उभ्या असलेल्या खनिजांचाच, आहे आणि त्यातही निम्म्याहून जास्त वाटा एकट्या फेल्स्पार गटाचा. पंचवीसेक खनिजे नीट ओळखता आली की पहिल्या वर्षाचे काम होते.

आता ओळखण्याकडे. सुरुवात रंगापासून करू नका. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, रंगहीन, पांढरी, गुलाबी, जांभळी, धुरकट अशी कशीही मिळते. रंगापेक्षा कस बघा. खनिज बिनचकाकीच्या पोर्सेलीनच्या पाटीवर घासले की जी भुकटीची रेघ उमटते तो कस. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासून पारखतात, ‘कसाला उतरणे’ हा वाक्प्रचार तिथलाच, आणि तत्त्वही तेच. हेमॅटाइट वरून काळे, पोलादी राखाडी किंवा तांबडे दिसो, कस तांबूस तपकिरीच येतो. पायराइट सोन्यासारखे पिवळे चमकते, पण त्याचा कस हिरवट काळा. एक मर्यादा लक्षात ठेवा : पाटीची स्वतःची कठिनता साधारण ६.५ ते ७ असते. त्याहून कठीण खनिज घासले तर पाटीच खरवडली जाते आणि तिची पांढरी भुकटी तुम्ही ‘पांढरा कस’ म्हणून वहीत लिहिता.

कठिनतेची श्रेणी फ्रीड्रिख मोहस यांनी १८१२ साली मांडली : शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्ल्युओराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ ७, टोपॅझ ८, कोरंडम ९, हिरा १०. हे फक्त क्रमांक आहेत, मापे नव्हेत. कोरंडम आणि हिरा यांत श्रेणीवर एकाच घराचे अंतर, पण प्रत्यक्ष मोजले तर हिरा कोरंडमच्या सुमारे चौपट कठीण भरतो. पेटीसोबत हत्यारे लागतात ती साधी : नख सुमारे २.५, तांब्याचे नाणे सुमारे ३ ते ३.५, काच आणि पोलादी चाकूचे पाते सुमारे ५.५. काचेचा तुकडा टेबलावर सपाट ठेवून त्यावर नमुना घासा, हातात धरून नव्हे. काच हातात धरून जोर लावला आणि ती तुटली, असे पहिल्या महिन्यात एकदा तरी घडतेच. आणि रेघ उमटली की लगेच निकाल देऊ नका. बोट ओले करून पुसा. पुसली गेली तर ती मऊ खनिजाची भुकटी होती, काचेवर ओरखडा नव्हताच.

पाटन आणि भंजन यांत विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात, म्हणून इथे जरा थांबतो. अणूंमधले बंध ज्या प्रतलांत कमजोर, त्या प्रतलांवर खनिज सपाट फुटते, ते पाटन. बंध सगळीकडे सारखेच घट्ट असतील तर वेडेवाकडे किंवा शिंपल्यासारखे वळीदार फुटते, ते भंजन. अभ्रकाला एकच पाटन, म्हणून पापुद्रे निघतात. फेल्स्पारला दोन, जवळपास काटकोनात. सैंधवाला, म्हणजे हॅलाइटला, तीन आणि तिन्ही काटकोनात, म्हणून त्याचे घन पडतात. कॅल्साइटलाही तीनच, पण तिरकी, ७५ आणि १०५ अंशांची, म्हणून तुकडा कितीही बारीक केला तरी तिरपा ठोकळाच हाती येतो. क्वार्ट्झला नाव घेण्याजोगे पाटन नाही. पायरोक्सीन आणि अँफिबोल ही दोन काळपट खनिजे विद्यार्थ्यांना हमखास फसवतात. पायरोक्सीनच्या पाटनांतला कोन ९०च्या जवळ असतो, अँफिबोलचा ५६ आणि १२४ अंश. स्फटिकाचा बाहेरचा चेहरा आणि पाटनाचा पृष्ठभाग यांत गल्लत होऊ नये म्हणून एक युक्ती : नमुना प्रकाशात हळूहळू फिरवा. पाटन असेल तर मागेपुढे असलेल्या अनेक पायऱ्या एकाच क्षणी लकाकतात.

वजनाचा अंदाज हाताला सवयीने येतो, पण एकदा तरी मोजून पाहा. माझी स्वतःची पहिली ठळक चूक इथेच झाली. पांढरा, नखाने न ओरखडणारा पण चाकूने सहज ओरखडणारा, छान पाटन असलेला नमुना मी कॅल्साइट म्हणून लिहून टाकला. आम्ल टाकायचा कंटाळा केला होता; कॅल्साइट असते तर ते फसफसले असते. नंतर तो दोऱ्याने काट्याला टांगला : हवेत १८० ग्रॅम, पाण्यात बुडवून १४०. पाण्यात घट ४०, म्हणून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन, १८० भागिले ४०, म्हणजे ४.५. कॅल्साइटचे २.७१ असते. तो बॅराइट निघाला.

आता ज्याने तुमचे निम्मे नमुने फसले असतील ते सांगतो. तुम्ही बहुधा खनिजाची नव्हे, त्याच्या विदारित कातडीची परीक्षा करत होता. फेल्स्पारची कठिनता ६, म्हणजे चाकूने ओरखडता कामा नये. पण उघड्यावर राहिलेल्या फेल्स्पारच्या पृष्ठभागाचे केओलीन मृत्तिकेत रूपांतर झालेले असते आणि ती नखानेसुद्धा निघते. मग वहीत ‘कठिनता २’ लिहिले जाते आणि पुढचा सगळा तर्क बिघडतो. आम्लाचेही तसेच. वालुकाश्मावर आम्ल फसफसले म्हणून त्याला चुनखडक म्हणणारे दर वर्षी भेटतात. फसफसत असते ते कणांना जोडणारे कॅल्साइटचे सिमेंट किंवा भेगेत नंतर साचलेले कॅल्साइट. म्हणून हातात नमुना आला की पहिला प्रश्न स्वतःला विचारा : ताजा पृष्ठभाग कोणता?

इथून आपण आपोआप विदारणात शिरतो. विदारण म्हणजे खडक जागच्या जागी फुटणे, सुटा होणे किंवा रासायनिकदृष्ट्या बदलणे. तो सुटलेला माल पाणी, वारा, हिमनदी यांनी उचलून नेला की ती झीज आणि वहन. उतारावरून माल गुरुत्वाकर्षणाने आपसूक घसरला, तर त्याला विस्तृत झीज म्हणतात. परीक्षेत फरक विचारला तर ‘जागच्या जागी’ हे दोन शब्द विसरू नका.

कायिक विदारणात खडकाचे तुकडे होतात, खनिज तेच राहते. भेगेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि भेग रुंदावते. क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढतानाही असाच दाब येतो. खोलवरचा ग्रॅनाइट वरचे ओझे निघून गेल्यावर किंचित फुगतो आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सोडतो, त्याला अपपर्णन म्हणतात. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या थंडीने खडक फुटतो हे वाक्य मात्र जरा जपून वापरा. डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ साली ग्रॅनाइटचा तुकडा ८९,४०० वेळा तापवून थंड केला, म्हणजे साधारण २४४ वर्षांचे दिवस-रात्र. कोरड्या हवेत त्यात दिसण्याजोगा बदल झाला नाही. थंड करताना पाण्याचा फवारा मारला तेव्हा मात्र तुलनेने थोड्याच आवर्तनांत पृष्ठभाग बिघडू लागला. प्रयोगातला तुकडा लहान होता आणि निसर्गाकडे वेळ फार मोठा आहे, हे खरे. तरी पाण्याशिवाय विदारण फार मंद चालते, एवढे त्यातून घ्यावे.

तुकडे होण्याचा मोठा परिणाम पृष्ठभागावर होतो. एक मीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. त्याचे १० सेंटिमीटरचे घन पाडले तर एकूण ६० चौरस मीटर, १ सेंटिमीटरचे पाडले तर ६००. दगड तेवढाच, पण पाण्याला चावायला शंभरपट जागा. डोलोमाइटवर थंड विरल आम्ल जवळजवळ गप्प बसते आणि त्याचीच भुकटी केली की फसफसते, त्याचे कारणही हेच. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला होतो, कडेवर दोन, सपाट बाजूवर एक. म्हणून चौकोनी भेगांनी कापलेला खडक विदारणाने गोलाकार होत जातो.

रासायनिक विदारणात खनिजच बदलते. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाच्या स्वच्छ पाण्याचा पीएचसुद्धा सुमारे ५.६ असतो, म्हणजे ते सौम्य आम्लच. कॅल्साइट त्यात सावकाश विरघळते. तुमच्या बाटलीतले आम्ल अर्ध्या मिनिटात दाखवते ते गुहा कोरायला पावसाला हजारो वर्षे लागतात. फेल्स्पारचे जलीय विच्छेदन होते : हायड्रोजन आयन पोटॅशियमची जागा घेतात, पोटॅशियम आणि काही सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, मागे केओलिनाइट उरते. लोहयुक्त खनिजांतले लोह ऑक्सिडीकरणाने तांबडे-पिवळे होते. पाऊस भरपूर आणि उष्णता कायम असेल तर सिलिकाही धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. अशा मातकट तांबड्या खडकाला फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडिपुरमजवळ पाहून १८०७ साली लॅटराइट हे नाव दिले, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून.

आता माझा मुख्य मुद्दा. बोलताना आपण कठीण, चिवट आणि टिकाऊ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. खनिजांच्या बाबतीत ते तीन वेगळे गुण आहेत. कठीण म्हणजे ओरखडा न घेणारे. चिवट म्हणजे घाव सोसणारे. टिकाऊ म्हणजे पाण्या-हवेपुढे रासायनिकदृष्ट्या न बदलणारे. हिरा सर्वांत कठीण, पण हातोड्याच्या एका घावात त्याचे पाटनावर तुकडे होतील. जेड मध्यमच कठीण, पण तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने विलक्षण चिवट. आणि ऑलिव्हीन पाहा. कठिनता ६.५ ते ७, क्वार्ट्झच्या खांद्याला खांदा. तरीही सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ साली विदारणाचा जो क्रम मांडला त्यात सर्वांत आधी बळी जाते ते ऑलिव्हीन आणि सर्वांत शेवटी उरते ते क्वार्ट्झ. मधे पायरोक्सीन, अँफिबोल, काळे अभ्रक, मग पोटॅश फेल्स्पार, पांढरे अभ्रक. प्लॅजिओक्लेजची रांग शेजारून चालते, कॅल्शियमवाले आधी, सोडियमवाले नंतर.

असे का? ऑलिव्हीनमधले सिलिकेटचे चतुष्फलक, म्हणजे एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशा विटा, एकेकटे असतात, त्यांना मॅग्नेशियम आणि लोह बांधून ठेवतात. आम्लाने हे धातू काढून घेतले की इमारत कोसळते. क्वार्ट्झमध्ये प्रत्येक चतुष्फलकाचे चारही ऑक्सिजन शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले, मधे काढून घ्यायला धातूच नाही. मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, थंड होताना खनिजे ज्या क्रमाने जन्मतात, नॉर्मन बोवेन यांनी दाखवलेला तो क्रम, तोच हा. जे जास्त तापमानाला जन्मले ते पृष्ठभागावरच्या थंड, ओल्या परिस्थितीला सर्वांत परके, म्हणून आधी मोडते. हा क्रम समजला की वाळूत क्वार्ट्झच का जास्त, याचे उत्तर पाठ करावे लागत नाही. टिकण्याची कमाल पाहायची तर झिरकॉन : पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या गाळाच्या खडकात सापडलेले काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. ज्या खडकात ते घडले तो केव्हाच विरून गेला.

आता गॉगल. विरल आम्लाचे दोन थेंब कातडीवर पडले तर लगेच धुऊन टाकले की सहसा काही होत नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर. पण फसफस नीट दिसावी म्हणून तुम्ही भिंग डोळ्याला लावून चेहरा नमुन्यावर आणता, नेमके तेव्हाच बुडबुडे फुटून बारीक तुषार उडत असतात. म्हणून गॉगल, आणि तो बाजूंनी बंद असलेला. चष्मा पुरत नाही. डोळ्यात गेलेच तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवायचे आणि मग डॉक्टरकडे जायचे. दुसरी गंमत म्हणजे विरल आम्ल विरल राहत नाही. थेंब वाळताना आधी पाणी उडते आणि उरलेले आम्ल २० टक्क्यांच्या दिशेने तीव्र होत जाते. कोटावर पडलेल्या थेंबाचे दुसऱ्या दिवशी भोक होते ते यामुळे. परीक्षा झाली की नमुना पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर पुढचा विद्यार्थी तो उघड्या हाताने उचलणार. संहत, म्हणजे तीव्र, आम्ल विरल करण्याचे काम पहिल्या वर्षाच्या कुणी करू नये. करावेच लागले तर हवेशीर कपाटात, आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही.

आम्ल दिसेल त्या नमुन्यावर टाकायचे नसते. आधी चमक पाहा. धातूसारखी चमक असेल तर ते सल्फाइड, म्हणजे धातू आणि गंधकाचे खनिज, असू शकते, आणि गॅलेना किंवा स्फॅलेराइटच्या भुकटीवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. थोड्या प्रमाणात तो ओळखीची खूण आहे, पण हा वायू विषारी आहे आणि प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणे धोक्याचे. नाक जवळ नेऊन हुंगू नका. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे नाव पुढच्या वर्गांत ऐकाल. सिलिकेटे विरघळवायला ते वापरतात. ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय हाताळायचे नाही, एवढेच आज पुरे.

हातोड्यातला धोका वेगळा. खडक फोडायला भूवैज्ञानिक हातोडाच घ्या, सुताराचा नको. एक हातोडा दुसऱ्यावर कधी मारू नका. कडक केलेल्या पोलादाची कपची गोळीसारखी उडते. फोडणाऱ्याने गॉगल घालावा हे सगळे सांगतात. शेजारी उभ्या असलेल्यानेही घालावा हे कुणी सांगत नाही. माझ्या भुवईवरची खूण मी नुसताच बघत उभा होतो त्या दिवसाची आहे.

धूळ मात्र सर्वांत कपटी. वाळू मुठीत घेतल्याने काही बिघडत नाही, पण कापताना किंवा दळताना क्वार्ट्झची जी अतिसूक्ष्म धूळ उडते ती फुप्फुसांत खोलवर जाऊन राहते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला १९९७ साली कर्करोगकारक ठरवले. उपाय साधा : कापणे-घासणे पाण्याच्या धारेखाली, टेबल ओल्या फडक्याने पुसायचे, कोरडा झाडू नाही. कसाची पाटी फुंकून साफ करण्याची सवय आजच सोडा. ॲस्बेस्टॉसचे तंतुमय नमुने बंद पारदर्शक डबीतूनच पाहायचे.

हिंगूळ, मनःशीळ आणि हरताळ हे तीन नमुने पेटीत असतील तर ते सुंदर दिसतात म्हणून हाताळत बसू नका. पहिल्यात पारा, उरलेल्या दोघांत आर्सेनिक. पूर्वी पोथीतला चुकलेला मजकूर पिवळ्या हरताळाने झाकत, ‘हरताळ फासणे’ तिथून आले. गॅलेनात शिसे असते. या सगळ्यांनंतर, खरे तर कोणत्याही नमुन्यानंतर, साबणाने हात धुवायचे आणि त्याआधी काही खायचे नाही.

राहिली चवीची चाचणी. हॅलाइट खारट लागते म्हणून काही जुन्या पुस्तकांत ती दिलेली असते. करू नका, कारण त्याच तुकड्यावर काल कुणी काय सांडले हे तुम्हाला ठाऊक नसते. त्याऐवजी कणभर खनिज पाण्यात विरघळवा, एक थेंब काचपट्टीवर वाळू द्या आणि भिंगाखाली पाहा : चिमुकले चौकोनी घन दिसतील. सिल्व्हाइट हे पोटॅशियमचे मीठही असेच घन देते. तेव्हा दोघांत निवड करायची तर ज्योत-परीक्षा घ्या. सोडियमने ज्योत गडद पिवळी होते, पोटॅशियमने फिकट जांभळी, आणि सोडियमच्या पिवळ्याखाली जांभळी छटा दबली तर निळ्या कोबाल्ट काचेतून पाहा.